पहिला अर्धा कप

शिवयोगी कंडक्टरचा आवाज असा होता, की सोलापूरच्या स्टँडवर त्यानं "अकलूज, नातेपुते" अशी हाळी दिली की बार्शीला निघालेली माणसंही एकदा वळून बघायची. निवृत्त झाल्यावर या आवाजाचं करायचं काय, हा प्रश्नच होता. काही वर्षं त्यानं तो भाजीवाल्यांवर आणि क्रिकेट चालू असताना टीव्हीवर वापरला. मग त्याच्या घरी ग्रीन टी आला आणि आवाजाला पुन्हा ड्यूटी लागली.

मी सिद्धाराम. त्याच स्टँडवर कंट्रोलरच्या खुर्चीत बसून माझे केस पांढरे झाले. गाडी उशिरा आली की ओरडायचं आणि वेळेवर आली की संशय घ्यायचा, एवढंच माझं काम. त्यामुळं कुणाचं कौतुक करणं मला पटकन जमत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

ग्रीन टी आणला शिवयोगीच्या सुनेनं, उत्कर्षानं. पोरगी गुणाची, सासऱ्यावर जीव असलेली. शिवयोगीला शुगर निघाली, दवाखान्यात कोलेस्टेरॉलही वाढलेलं सापडलं. घरी आल्यावर तिनं ओट्यावरचा साखरेचा डबा उचलला आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. शिवयोगीची उंची किती, हे तिला चांगलं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी हिरवं खोकं आलं. आत कागदाच्या पुड्या, पुडीत दोरा लावलेली इवलीशी पिशवी. गरम पाण्यात बुडवायची, जरा थांबायचं, बाहेर काढायची आणि ते पाणी प्यायचं. दूध नाही, साखर नाही, आलं नाही, उकळी नाही.

"म्हणजे चहा नाही," मी म्हणालो.

सुरुवातीला शिवयोगीही तोंड वाकडं करूनच प्यायचा. "काढा बरा की बे याच्यापेक्षा," म्हणायचा. पण हा माणूस मूळचा कंडक्टर. गाडीत बसला की गाडी आपली, अशी त्याची वृत्ती. महिनाभरात तो ग्रीन टीचा झाला. संध्याकाळी स्टँडसमोरच्या हॉटेलच्या बाकड्यावर आम्ही बसायचो, तिथं त्याचं पुकारणं सुरू झालं.

"यात ते अँटिऑक्सिडंट असतंय. आतला गंज काढतंय. हृदयाला चांगलं, वजन उतरतंय, डोकं तरतरीत राहतंय आणि आपल्या चहासारखं छातीत जळजळ न्हाय!"

"गंज काढायला तू काय एसटीचा पत्रा हायस का?" मी विचारलं.

"हस तू. डॉक्टरला विचार."

डॉक्टरांनाही मी विचारलं, कारण माझेही डॉक्टर तेच. ते हसले. म्हणाले, "चांगला आहे, पिऊ द्या. जादू मात्र काही नाही त्यात. गोळ्या चालूच ठेवायच्या आणि रिकाम्या पोटी प्यायचा नाही. खरं सांगू का, दिवसभर जो गोड चहा त्यांच्या पोटात जायचा तो थांबला, हाच मोठा फायदा." ते बरोबरच बोलत होते. शिवयोगीची शुगर उतरली, पोट आत गेलं, जिना चढताना लागणारा दम कमी झाला. उत्कर्षा खूश झाली. तिनं त्याला झाकणाचा एक स्टीलचा पेला आणून दिला. "अप्पा, कुणाच्या घरी गेलात तर नुसतं गरम पाणी मागायचं. पिशवी खिशात, पेला हातात. कुणाला आपला त्रास नको," असं तिनं समजावलं. वरच्या खिशात जिथं पूर्वी पेन आणि सुट्टे पैसे असायचे, तिथं आता चहाच्या पिशव्या राहू लागल्या.

त्या गोड चहाबरोबर आणखी काय थांबलं, ते सांगायचं तर प्रदीपचं सांगायला हवं.

प्रदीप ड्रायव्हर. मूळचा नातेपुत्याकडचा, बौद्ध घरातला, सोलापुरात बुधवार पेठेत वाढलेला. कमी बोलणारा, पण बोलला की विषय संपवणारा. शिवयोगी आणि तो वर्षानुवर्षं एका गाडीवर होते. ड्यूटीचा तक्ता दुसऱ्या कुणी लावला असला तरी ही जोडी फोडायची नाही, हे आम्ही कंट्रोलवाले सांभाळून होतो, कारण फोडली की दोघंही आजारी पडायचे.

गाडीवर नवीनच असतानाची गोष्ट. वाटेतल्या एका फाट्यावर हॉटेलात गाडी थांबली. उतरताना प्रदीपच्या गावच्या कुणीतरी त्याला मोठ्यानं जय भीम घातला आणि तो गल्ल्यावरच्या मालकानं ऐकला. शिवयोगीला चहा आला तो कपबशीत. प्रदीपला आला तो खिडकीत वेगळ्या ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपात. प्रदीपनं तो कप न सांडता परत खिडकीत नेऊन ठेवला आणि शिवयोगीच्या समोर येऊन बसला. शिवयोगीनं एक घोट घेतलेला होता. प्रदीपनं काही न विचारता त्याच्या पुढचा कप ओढला, अर्धा प्यायला आणि परत त्याच्यापुढं सरकवला. हॉटेलातली सगळी माणसं आता शिवयोगीकडं बघायला लागली. "कप हातात घेऊ का नको बे, असं झालं मला," शिवयोगी मला सांगायचा. "घरात आई सोवळ्यातली. उष्टं म्हणजे काय, ते तिनं अंगात मुरवलेलं. पण त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाय. बाहेर गाडीकडं बघत बसला, जसं काय उरलेला अर्धा मी पिणार हे ठरलेलंच हाय." शिवयोगीनं उरलेला चहा प्यायला, बाहेर जाऊन डबल बेल दिली आणि गाडी हलली.

यावर दोघं आपसांत कधी एक शब्द बोलले नाहीत. फक्त तेव्हापासून दोघांत चहा एकच घ्यायचा असं झालं. पहिला अर्धा प्रदीपचा, उरलेला शिवयोगीचा. टेंभुर्णीला, अकलूजला, कुठंही. हॉटेलवाल्यांना वाटायचं, काय चिकट माणसं आहेत. नातेपुत्याला मुक्कामाची गाडी असली की सकाळी प्रदीपच्या आत्याकडं, भीमाबाईकडं चहा व्हायचा. चुलीवरचा, गुळाचा, धुराचा वास लागलेला. तिथंही ती दोन कप ओतायची आणि हे दोघं त्यातला एकच उचलायचे. आत्या चिडायची. दुसरा कप मग तीच प्यायची.

निवृत्त झाल्यावरही बाकड्यावर हेच चालू होतं. मी माझा आख्खा कप घेऊन बाजूला बसायचो. ग्रीन टी सुरू झाला त्या दिवशी प्रदीपनं नेहमीसारखा एक चहा मागवला, अर्धा प्यायला आणि कप सरकवला. शिवयोगीनं तो परत सरकवला. "आता चालत न्हाय बे मला," म्हणाला आणि गरम पाणी मागवून त्यात आपली चहाची पिशवी बुडवली. तो अर्धा कप बाकड्यावर तसाच राहिला. वर साय धरली. दुसऱ्या दिवशीही प्रदीपनं अर्धाच प्यायला आणि अर्धा ठेवून दिला. हॉटेलवाल्यानं एकदा विचारलं, "मामा, चहा बिघडलाय का?" प्रदीप नाही म्हणाला. शिवयोगी तेव्हा मला ग्रीन टीनं हाडं कशी मजबूत राहतात ते सांगत होता.

मग प्रदीपचं घर झालं. मुलगी बुद्धप्रिया बँकेत लागलेली, तिच्या जिवावर जुळे सोलापूर भागात छान दोन मजली घर उठलं. बुद्धवंदना झाली, खीर झाली. नातेपुत्याहून पाहुणे आले होते, त्यांत भीमाआत्याही होती. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सोलापुरात करायचं होतं, म्हणून ती राहायच्याच तयारीनं आली होती. प्रदीपची बायको मीनाबाई नव्या स्वयंपाकघरातून नव्या कपबशांचा ट्रे घेऊन बाहेर आली. पाहुण्यांना दिला, मला दिला, शिवयोगीपुढं धरला.

"वैनी, चहा नको. नुसतं गरम पाणी द्या," शिवयोगी म्हणाला आणि हातातल्या कापडी पिशवीतून आपला पेला काढून त्यानं टीपॉयवर ठेवला.

मीनाबाई ट्रे धरून तशीच उभी राहिली. कोपऱ्यातल्या खुर्चीतून आत्यानं मान पुढं काढली. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण पेल्याचा आवाज तिला बरोबर ऐकू आला.

"कोन, शिवयोगी का? माज्या चुलीवरचा च्या पिऊन गाडी काडायचास की रं तू. आता आपलं भांडं संगं घिऊन हिंडतूस व्हय?" ती म्हणाली. "आमी बी हिंडायचो. लोकांच्या रानात कामाला गेलं की आपली कपबशी आपल्या पदरात. त्यांच्या कपाला हात लावायचा न्हाय."

आणि हा बाबा हसला! त्याला वाटलं, आत्या जुन्या ओळखीनं चेष्टा करतेय. "होय की आत्या, काय करायचं सांगा, वेळच आली तशी!" म्हणाला आणि पाणी आल्यावर दोरा धरून पिशवी वरखाली करत त्यानं पाहुण्यांना अँटिऑक्सिडंट समजावून सांगितलं. मी त्याला कोपरानं ढोसलं, तर म्हणाला, "तू पण घे, खिशात हाय अजून." मला त्या वेळी त्याला पेल्यासकट गच्चीवरून खाली टाकावंसं वाटलं. प्रदीप दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याला शुगरचं, सुनेचं, पेल्याचं सगळं माहीत होतं. पण आपल्या नव्या घरात, आपल्या माणसांसमोर, आत्याचं ते बोलणं ऐकल्यावर त्या माहितीचा त्याला काही उपयोग झाला नाही. तो आत निघून गेला आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आला नाही.

दुसऱ्या दिवशी तो बाकड्यावर आला नाही. त्यानंतरही नाही.

शिवयोगी बाकड्यावर बसायचा तो उजवीकडची जागा सोडून. कुणी तिथं टेकायला लागलं की "माणूस यायचाय" म्हणायचा. फोन केला की प्रदीप उचलायचा, "कामात हाय" म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. घर आवरायचं असेल, आत्याच्या डोळ्यांचं असेल, अशी कारणं शिवयोगी स्वतःच शोधून मला सांगायचा. मी हं हं करायचो. हळूहळू ग्रीन टीचं पुकारणं बंद झालं. पेल्यातली पिशवी काढायची त्याला आठवण राहायची नाही, पाणी कडू जहर व्हायचं आणि तो ते तसंच प्यायचा.

आता त्याच्या तोंडी दुसरंच सुरू झालं. टेंभुर्णीचा चहा कसा पातळ असायचा, पण थंडीत किती बरा लागायचा. अकलूजला कारखान्याचा हंगाम सुरू झाला की चहाला उसाच्या मळीचा वास यायचा, तो चहाचा होता की हवेचा. नातेपुत्याला आत्याच्या चुलीपुढं पाय शेकत बसलं की प्रदीप कप हातात घेऊन मुद्दाम वेळ कसा लावायचा आणि शिवयोगी कसा ओरडायचा, "पी की बे लवकर, गाडी सुटायचीय." एकदा बोलता बोलता म्हणाला, "सिद्धाराम, आयुष्यात मी गरम चहा कधी प्यायलोच न्हाय बघ. माझ्या वाटणीला येईपर्यंत कोमटच व्हायचा. आता हे गरम पाणी पितो, तर जीभ भाजते." आणि रस्त्याकडं बघत राहिला. नातेपुत्याची गाडी स्टँडमधून बाहेर पडत होती. ड्रायव्हर कुणी कोवळा पोरगा होता. शिवयोगीनं तरीही मान उंचावून बघितलं.

त्या संध्याकाळी मला राहवलं नाही. "काय चुकलो बे मी?" असं त्यानं विचारलं, तेव्हा मी सांगून टाकलं. आत्या काय म्हणाली होती ते शब्द न् शब्द परत ऐकवलं. मग त्याच्या मांडीवरचा पेला उचलून त्याच्यासमोर धरला. "हे भांडं घेऊन तू त्याच्या घरी गेलतास. तेही सगळ्यांना चहा पाजताना. आत्याला त्यात दुसरं काय दिसणार?"

आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं. ते त्याच्या चेहऱ्यावर उतरताना मी पाहिलं आणि मला वाटलं, आणखी थोडे दिवस गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. "म्हणजे मी त्या खिडकीतला कप..." एवढंच तो म्हणाला. पेला त्यानं माझ्याकडून परत घेतला नाही, तसाच उठून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या दारात. इस्त्रीचा शर्ट, खिसा रिकामा. "चल," म्हणाला. उत्कर्षाला सगळं सांगून आला होता. ती बिचारी रडवेली झाली, मीच येते सांगायला, म्हणाली. "माझं मी बघतो," असं तिला सांगून तो निघाला होता.

दार मीनाबाईनं उघडलं. "या," म्हणाली, पण त्या "या"मध्ये काही ओलावा नव्हता. आत्या खुर्चीत होती, डोळ्यावर ऑपरेशनचा हिरवा चष्मा. आतल्या खोलीत टीव्ही चालू होता आणि पडद्याखाली प्रदीपचे पाय दिसत होते.

"वैनी, चहा टाका," शिवयोगी म्हणाला. "साखर घालून. पाव्हण्याला करता तसा."

मीनाबाईनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. चहा आला. एक कप माझ्यापुढं, एक त्याच्यापुढं. मी माझा संपवला. शिवयोगी मात्र हात मांडीवर ठेवून बसून राहिला. वाफ येत होती ती थांबली. मीनाबाईचा चेहरा पुन्हा आवळत चालला.

आत्यानं चष्म्यातून त्याच्याकडं बघितलं. आता तिला दिसत होतं. "पी की रं. का आजबी पानीच पायजे?"

"प्यायचाय आत्या," शिवयोगी म्हणाला. "पण पहिला अर्धा त्याचा हाय. तो प्यायल्याशिवाय मी कसा पिऊ?"

आतला टीव्ही बंद झाला. चहावर साय धरायला लागली. आत्या पडद्याकडं तोंड करून म्हणाली, "परद्या, आइकलंस न्हवं?"

पडदा सरकला. प्रदीप बाहेर आला. कुणाकडंही न बघता टीपॉयजवळ उभा राहिला, कप उचलला आणि प्यायला लागला. अर्धा झाला. तो थांबला नाही. कप आणखी कलत गेला. वाटलं, हा सगळाच संपवणार, रिकामा कप त्याच्यापुढं आदळणार आणि विषय संपवणार. शिवयोगीलाही तेच वाटलं असावं, कारण त्यानं मान खाली घातली.

प्रदीपनं कप खाली ठेवला आणि शिवयोगीपुढं सरकवला. तळाला एक घोट राहिला होता.

"तेवढाच," तो म्हणाला. "शुगर हाय तुला."

शिवयोगीनं दोन्ही हातांनी कप उचलला आणि तो घोट घेतला. घेतला, पण गिळला नाही. तोंडात धरून तसाच बसला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसलंही नाही त्यानं.

"गिळ की रं आता," आत्या म्हणाली. "मीना दुसरा टाकती, बिनसाकरंचा."

प्रदीप त्याच्या शेजारी, उजव्या बाजूला येऊन बसला. शिवयोगी त्याच्याकडं बघत राहिला, घोट तोंडात धरूनच.